पुरेसा बफर

टॅमरॅक या संगणकप्रणालीच्या कर्नल, म्हणजे गाभ्याच्या, विभागात एक नियम होता. दस्तऐवजातलं प्रत्येक वाक्य आज खरं असावं आणि उद्याही खरं राहावं. उद्याचं कोणालाच ठाऊक नसल्यामुळे लिहिण्याजोगी वाक्यं फार थोडी उरली होती, आणि ती सगळी ग्लेना टॉर्केलसनने लिहून टाकली होती. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, बॉथेलमधल्या कचेरीत बसून ती प्रोग्रामरांसाठी संदर्भपानं लिही. तिच्या पानांत चूक सापडत नाही असा तिचा लौकिक होता. माहितीही सापडत नाही असं काही जण म्हणत, पण ते कंपनीबाहेरचे होते.

एका सकाळी वेन्डेल आसगार्ड यांचा फोन आला. अल्डर क्रीकला सॅमन माशांची पिल्लं वाढवण्याचं केंद्र होतं. तिथल्या हौदांतला प्राणवायू मोजून पंप चालवणारं यंत्र या गृहस्थांनी एकट्याने बनवलं होतं, आणि ते टॅमरॅकवर चालत होतं.

"बाई, तुमच्या त्या हालहवाल फंक्शनला बफर केवढा द्यायचा?"

ग्लेनाने पान उघडून वाचून दाखवलं. "बफर पुरेसा मोठा असावा."

"तेवढं मलाही वाचता येतं. पुरेसा म्हणजे किती?"

"कमी पडणार नाही इतका."

"अहो, कमीच पडतोय ना! मशीन मधूनच कोसळतं. मशीन कोसळलं की पंप बंद. गेल्या खेपेला अख्खा हौद पोटं वर करून तरंगत होता. बोटाएवढीही नाहीत हो ती पिल्लं. वसंतात नदीत सोडायचीत. आणखी एक हौद गेला तर केंद्रवाले माझं यंत्र उपटून नदीत टाकतील आणि पाठोपाठ मला."

बफर म्हणजे साधं भांडं. हालहवाल फंक्शनला मोजमापं विचारताना आपण ते पुढे करायचं आणि कर्नलने त्यात माहिती ओतायची. भांडं लहान निघालं तरी कर्नल हात आखडत नाही. उरलेलं शेजाऱ्याच्या जागेत सांडतं आणि मशीन निळा पडदा दाखवून कोसळतं. म्हणून भांडं केवढं हवं हे आधी कळलेलं बरं, इतकीच वेन्डेलची मागणी होती.

ग्लेनाला वाईट वाटलं, आणि ते खरं वाटलं. शाळेत असताना तिच्या वर्गाने काचेच्या पेटीत सॅमनची अंडी वाढवली होती, आणि पिल्लं ओढ्यात सोडताना ती हमसून रडली होती. दुपारी तिने जपानी तेरियाकी कोंबडीच्या दुकानात लाइल ब्रॅनिगनला गाठलं. हालहवाल फंक्शन त्याचं होतं.

"दोनशे चौसष्ट बाइट," लाइल कोंबडी चावत म्हणाला. "दोनशे छप्पन मोजमापांचे. शेवटचे आठ वेळेचे, म्हणजे मोजमाप कधी घेतलं ते."

"मग तसं लिहिते."

लाइलचा घास अडकला. "वेडी आहेस का? लिहिलंस तर लोक विसंबून राहतील!"

"दस्तऐवज त्यासाठीच असतो ना रे?"

"उद्या मला त्यात आणखी काही घालायचं झालं तर?"

"घालणार आहेस?"

"आजवर घातलं नाही. पण घालू शकतो ना! तेवढं एक सुख आहे माझ्या नोकरीत, ते कशाला काढून घेतेस? आणि बफर कमी पडला तर कळतंच की त्यांना."

"कसं?"

"मशीन कोसळतं."

ग्लेना तरीही वाक्य घेऊन बैठकीला गेली. 'बफर किमान २६४ बाइटांचा असलाच पाहिजे.' मजकूर तपासणीच्या प्रमुख प्रिसिला ओयामा यांनी ते सावकाश वाचलं.

"'असलाच पाहिजे' हा हुकूम झाला. हुकूम दिला की जबाबदारी आली. 'किमान' म्हटलं की लोक कमाल विचारणार. आणि २६४ हा तर चक्क आकडा आहे."

"आकड्याचं काय वाईट आहे, प्रिसिला?"

"आकडा चुकू शकतो गं. 'पुरेसा' कधी चुकलाय, सांग बघू?"

ग्लेनाने आठवून पाहिलं. हौदातली पिल्लं मेली तेव्हाही ते वाक्य अबाधित होतं. बफर पुरेसा नव्हताच. चर्चेअंती 'बफर योग्य प्रमाणात पुरेसा मोठा असावा' असं ठरलं आणि इतिवृत्तात त्याची 'लक्षणीय सुधारणा' अशी नोंद झाली.

"निदान फोनवर सांगू का त्यांना?"

"तोंडी सांगितलेलं तपासलेलं नसतं. न तपासलेलं खोटं असू शकतं. गिऱ्हाइकाशी खोटं बोलणार तू? शिवाय फोन ध्वनिमुद्रित होतात, म्हणजे तोही दस्तऐवजच."

पण ग्लेनाने या खात्यात काही उगाच केस पांढरे केले नव्हते. पानाच्या तळाशी नमुन्याचा कोड असे, आणि नमुना हा दस्तऐवज समजला जात नसे. त्यावर 'केवळ उदाहरणादाखल, विसंबून राहू नये' असं लिहिलेलं असे. म्हणूनच सगळं जग मजकूर सोडून नमुना उचलत असे. तिने नमुन्यात गुपचूप २६४ घातलं आणि वेन्डेलला फोन लावला.

"पान बदलतंय. मजकूर वाचू नका. नमुना बघा."

"मजकूर कोण वाचतं हो, बाई?" वेन्डेल प्रथमच हसले.

नमुने कॉर्विन नावाच्या सज्जन माणसाच्या हाताखालून जात. या धंद्यातल्या माणसांना चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन हे आकडे आपल्या शंभरासारखे पूर्ण वाटतात. २६४ पाहून कॉर्विनला चुकीच्या काजात बटण लावलेला शर्ट पाहिल्यासारखं झालं. त्याने ते २५६ केलं आणि ग्लेनाला दोन ओळी पाठवल्या: 'तुझा एक टंकनदोष सुधारलाय. काळजी नको, कुणाला बोलणार नाही.'

ग्लेनाने ते वाचलं तेव्हा पान प्रसिद्ध होऊन गेलं होतं. वेन्डेलने २५६ उचललं होतं. लिफ्टवाल्यांनी उचललं, पार्किंगच्या फाटकवाल्यांनी उचललं, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या बनवणाऱ्यांनीही उचललं. पूर्वी लोक आपापल्या अंदाजाने आणि वेगवेगळ्या दिवशी कोसळत. आता सगळे एकदम कोसळू लागले.

"दोनशे छप्पन खोडा आणि दोनशे चौसष्ट करा!" ग्लेना बैठकीत जवळजवळ ओरडलीच.

"आता कसं खोडणार?" प्रिसिला हळहळून म्हणाल्या. "लोक त्यावर विसंबून राहिलेत."

विसंबलेल्या माणसाला दगा द्यायचा नाही, हे कंपनीचं ब्रीद होतं. तेव्हा नमुना कर्नलप्रमाणे करण्याऐवजी कर्नलच नमुन्याप्रमाणे करायचं ठरलं. लाइलने शेवटचे आठ बाइट काढून टाकले. "वेळेचेच तर होते," तो म्हणाला. "घड्याळ काय, भिंतीवर असतंच." त्यानंतर एकही मशीन कोसळलं नाही. तक्रारी थांबल्या. विभागाने मोठा चौकोनी केक मागवला. त्यावर निळ्या साखरेत २५६ लिहिलं होतं, आणि कापताना सुरी सहाच्या आकड्यातून गेली म्हणून कॉर्विन हळहळला.

अल्डर क्रीकला मात्र हौदातला प्राणवायू मोजणाऱ्या कांडीची तार निसटली. मशीन आता शहाणं झालं होतं. ते कोसळलं नाही. नवं मोजमाप येईना, म्हणून ते जुनंच दाखवत राहिलं. प्राणवायू उत्तम, पंपाची गरज नाही. ते मोजमाप कधीचं, हे सांगणारे आठ बाइट शिल्लक नव्हते.

"बाई," वेन्डेलचा आवाज फोनवर ओळखू येत नव्हता. "सगळे हौद गेले. सगळे. आणि पडद्यावर अजून 'उत्तम' आहे."

"मशीन कोसळलं का?" ग्लेनाने विचारलं. तक्रार नोंदवायची तर तिच्या संगणकाला आधी हेच उत्तर लागत असे.

"नाही."

"मग..." ती म्हणाली. तिने चष्मा काढून ठेवला आणि ती बराच वेळ रडली. तक्रार कुठल्याच सदरात बसली नाही, म्हणून ती झाली नाही.

त्या पानाच्या तळाशी वाचकांना विचारलेलं आहे, 'हे पान उपयुक्त वाटलं का?' जवळपास सगळ्यांनी 'हो' म्हटलं आहे. तुमच्याही हाताशी आत्ता एखादा पडदा असेल. त्यावर हवेतली धूळ दिसत असेल, किंवा बस यायला किती मिनिटं उरली ते, नाहीतर मनगटावरच्या पट्ट्याने मोजलेले तुमचेच नाडीचे ठोके. आकडा छान आहे. तो आत्ताचा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?