घड्याळजींनी परदेशातून आणलेला अर्धा तास

"घड्याळाच्या बाबतीत मी चुकलो असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय!"

परतीच्या विमानात शेजारच्या अनोळखी प्रवाशाला घड्याळजींनी हे ऐकवलं, तेव्हा त्यांचा आवाज जरा चढलाच होता. चढायला कारणही होतं. नऊ दिवसांच्या परदेश सहलीत बरोबरची सगळी मंडळी त्यांच्या मनगटाकडे बघून उठली, जेवली आणि बसमध्ये चढली होती. तिसऱ्या दिवसापासून तर गाईडच त्यांना वेळ विचारू लागला! त्या देशाची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. जाताना विमानात तशी सूचना झाली आणि घड्याळजींनी सगळ्यांच्या आधी काटे सरकवले. परतताना काटे अर्धा तास मागे घ्यायचीही सूचना झाली. पण नेमके तेव्हाच घड्याळजी शेजाऱ्याला तिथल्या राजवाड्यावरच्या घड्याळात वंगण कुठे कमी पडतंय ते समजावत होते. सगळ्या विमानाने काटे मागे घेतले, एका माणसाने घेतले नाहीत. तो माणूस कोण, हे मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको बॅगा उपसत बसली होती आणि घड्याळजी आरशासमोर नवा कोट चढवत होते. आजचा दिवसच तसा होता. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ अकरा वर्षं बंद होतं. पूर्वी ते घड्याळजींचे वडील सांभाळायचे. वडील गेले, काम बाहेरच्या कुणाला दिलं आणि वर्षभरात काटे जे थांबले ते थांबलेच. सहलीला जायच्या आधी घड्याळजींनी पंधरा दिवस मनोऱ्यात बसून ते साफ करून दिलं होतं. आता फक्त साहेबांची सही राहिली होती. साहेब बरोब्बर अकराला दुकानी येणार होते, दुकान बघणार होते आणि काम द्यायचं की नाही ते ठरवणार होते. "मला वेळेचा पक्का माणूस हवा," एवढीच त्यांची अट!

"अहो, इतक्या लवकर कुठे?" बायकोने विचारलं.

"लवकर? अगं, साडेआठ झाले! तुझं आपलं नेहमीचंच!"

"फोटो तरी बघा ना बसून. तीनशे बारा काढलेत तुम्ही."

"बघायचेत काय? मीच काढलेत!"

"म्हणून म्हणते. तीनशे घड्याळांचे आहेत. मी आहे त्यात, पण नुसता खांदा."

घड्याळजी ते ऐकायला थांबले नाहीत.

दुकानाचं कुलूप काढून ते आत गेले आणि थबकलेच. चावीची घड्याळं नऊ दिवसांत बंद पडली होती, ते ठीक. पण भिंतीवरची सेलवाली चौदाच्या चौदा घड्याळं सव्वाआठ दाखवत होती आणि घड्याळजींच्या मनगटावर पावणेनऊ झाले होते!

"चौदाही अर्धा तास मागे?" घड्याळजी कळवळले. "नऊ दिवस पाठ फिरवली तर काय ही अवस्था! सगळ्यांचे सेल एकदम उतरले!"

आता एकाच वेळी, एकाच मापाने चौदा सेल उतरतात का, हा प्रश्न तुम्हाला पडला. घड्याळजींना पडला नाही. त्यांनी स्टूल घेतलं, कोटाच्या बाह्या सावरल्या आणि चौदाही घड्याळं मायेने पुढे केली. शेवटी दर्शनी खिडकीतल्या मोठ्या लंबकाच्या घड्याळाला चावी दिली, मनगटाशी ताडून काटे लावले आणि लंबकाला बोट लावलं.

त्या टकटकीसरशी सगळी गल्ली बाहेर आली!

कारण ही गल्ली चालते घड्याळजींच्या खिडकीवर. रोज सकाळी तिथे बघून घड्याळ लावल्याशिवाय इथे कुणी कामाला हात घालत नाही. गेले नऊ दिवस बिचारे नुसत्या अंदाजावर जगले होते.

"आलात का हो घड्याळजी!" न्हावीदादा एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीत सोडून धावत आले. "तुम्ही नव्हता तर वेळ मोबाईलमध्ये बघावी लागत होती! विश्वास कसा ठेवायचा त्यावर?"

"अरे बापरे, मी अर्धा तास मागे!" रिटायर्ड पोस्टमास्तरांनी खिडकीत बघून कपाळावर हात मारला. "तरीच हल्ली झोप पुरायची!"

"माझंही मागेच," शिंपीणबाई गळ्यातली टेप सावरत म्हणाल्या. "तरीच कपडे वेळेवर होईनात!"

भराभर सगळ्यांचे काटे पुढे गेले. न्हावीदादांनी तर मोबाईलच्या पोटात शिरून तिथली वेळसुद्धा हाताने बदलली. नगरपालिकेचा शिपाई सायकलवरून चालला होता, त्याने उतरून आपलं घड्याळ लावलं आणि "मेलो, उशीर झाला!" म्हणत जोरात पायडल मारलं. घड्याळजी दारात उभे राहून हे सगळं बघत होते. छाती अशी फुगली होती की नव्या कोटाचं मधलं बटण तुटायला आलं! परदेशात राजवाडे पाहिले, बोटीत बसले, संग्रहालयं पालथी घातली, पण आपण नसलो तर कुणाचं तरी अडतं, हे सुख आपल्याच गल्लीत!

अकरा वाजले. खिडकीतल्या घड्याळाने अकरा ठोके दिले. साहेबांचा पत्ता नव्हता.

अकरा पाच झाले, अकरा दहा झाले.

"तिथे असं चालत नाही," घड्याळजींनी सुरुवात केली. सकाळपासूनचं हे त्यांचं सतरावं 'तिथे'. "तिथे बस नऊ सातला म्हणजे नऊ सातला! मी स्वतः ताडून पाहिलंय!"

"आणि आपले साहेब बघा," न्हावीदादा म्हणाले. "अट घालायला पुढे!"

"मी म्हणतो, आपणच जाऊन विचारू," पोस्टमास्तर म्हणाले. सव्वाअकराला घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं. पुढे ते, मागे न्हावीदादा, पोस्टमास्तर, शिंपीणबाई, त्यांच्या मागे निम्मी गल्ली, अशी मिरवणूक नगरपालिकेवर निघाली!

साहेब फाईल काखेला मारून पायऱ्या उतरतच होते.

"अरे घड्याळजी! मी तुमच्याकडेच निघालो होतो. अकराला पाच कमी आहेत, पोहोचतोच म्हटलं वेळेवर."

"साहेब," घड्याळजी करड्या आवाजात म्हणाले, "अकरा वाजून पंचवीस मिनिटं झालीत."

साहेब हसले आणि त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळजींनीही केलं. मग न्हावीदादांनी केलं, पोस्टमास्तरांनी केलं, शिंपीणबाईंनी केलं. बघता बघता साहेबांच्या नाकासमोर अठरा मनगटं आली आणि अठराही मनगटांवर अकरा पंचवीस! साहेबांनी आशेने मागे वळून शिपायाकडे पाहिलं. शिपायाने मान खाली घालून एकोणिसावं मनगट दाखवलं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "पण हे माझं सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ..."

"सासऱ्यांना काही बोलायचं नाही," पोस्टमास्तर समजुतीने म्हणाले, "पण एकदा दाखवा घड्याळजींना."

एका माणसाने एकोणीस मनगटांपुढे किती टिकायचं? साहेबांनी मुकाट्याने काटे पुढे केले. चेहरा असा पडला होता की बघवत नव्हतं. "मीच वेळेची अट घातली आणि मीच उशीर केला! घड्याळजी, आता तुमचं दुकान काय बघायचं? आणा ती ऑर्डर!" त्यांनी शिपायाच्या पाठीवर कागद ठेवला आणि तिथेच सही ठोकली. "ही मनोऱ्याची किल्ली. आत्ता चालू करा!"

टाळ्या वाजल्या. अकरा वर्षांची इच्छा घड्याळजींच्या मुठीत आली आणि त्यांचे डोळे भरले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, धापा टाकत बायको आली.

"अहो, जरा इकडे या."

"अगं, बघ! सही झाली!"

"आधी इकडे या म्हणते ना! डोळ्याचं भिंग विसरलात म्हणून दुकानावर गेले, तर दुकानाला कुलूप आणि खिडकीत भलतीच वेळ." ती त्यांच्या कानाशी लागली. "परत येताना विमानात काटे मागे घेतले होते ना?"

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं. मग त्या अठरा मनगटांकडे पाहिलं, साहेबांच्या बिचाऱ्या निर्दोष घड्याळाकडे पाहिलं. भिंतीवरची ती चौदा घड्याळं आठवली, सगळीच्या सगळी खरं बोलत होती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी मिनिट-सेकंदासकट कळलं.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. सही झाली होती. पण वडील सांगायचे, की घड्याळवाल्याने एक वेळ गिऱ्हाइकाला फसवावं, वेळेला फसवू नये. तेव्हा हसायला यायचं. आज आलं नाही.

"साहेब," ते म्हणाले. "तुमचं घड्याळ बरोबर होतं. माझं पुढे आहे. अर्धा तास. चूक माझी आहे."

बायकोने डोळे मिटून घेतले.

"बघा!" न्हावीदादा एकदम गहिवरून ओरडले. "बघा साहेब, मोठेपणा बघा! चारचौघांत तुमची लाज जाऊ नये म्हणून कमीपणा स्वतःकडे घेतायत!"

"अहो, खरंच माझं चुकलंय!"

"चुकणार आणि तुम्ही?" शिंपीणबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"परदेशातून आणलेला कोट आणि हा विनय!" पोस्टमास्तर म्हणाले.

साहेबांनी तर घड्याळजींचे दोन्ही हात हातात घेतले. "असा माणूस मला आयुष्यात भेटला नाही. जा, वर जा. मी इथून बघतो."

आता खरं सांगायचं तरी कुणाला? घड्याळजी बायकोकडून भिंग घेऊन मुकाट्याने मनोरा चढले. वर ते अवाढव्य यंत्र वंगणाने चकाकत होतं. त्यांनी वजनं वर ओढली, चाकांना एकदा हात लावून घेतला. मोह व्हायचा तो झालाच. खाली सगळ्यांची घड्याळं पावणेबारा दाखवत होती. पावणेबारा लावले की झालं! टाळ्या, हार, भाषण! सवडीने रोज मिनिटभर मागे घेतलं असतं, तर महिन्याभरात कुणाला पत्ताही लागला नसता.

घड्याळजींनी दीर्घ श्वास घेतला, बायकोच्या मोबाईलवर खाली पाहून घेतलेली वेळ मनाशी मोजली आणि काटे लावले सव्वाअकरावर. खरे, सच्चे, आपल्या देशातले सव्वाअकरा! मग लंबकाला हात दिला. टक्. अकरा वर्षांनी मनोरा बोलला. घड्याळजी त्या आवाजात उभे राहून लहान मुलासारखे रडले. सगळ्या सहलीत त्यांनी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. डोळे पुसून, कोट नीट करून, हार घ्यायला तयार होऊन त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

खाली टाळी वाजली नाही. सगळी गल्ली वर बघत होती, मग मनगटाकडे बघत होती, मग पुन्हा वर.

शेवटी साहेबांनीच तोंडाशी हात धरून, शक्य तितक्या आदराने हाक दिली, "घड्याळजी! चालू झालं, उत्तम झालं! पण अर्धा तास मागे लागलंय हो! घाई नाही! खाली या, तुमच्या दुकानातल्या घड्याळात एकदा बघा, आणि मग नीट लावा!"