क्रमांक चारचा फोटो

सकाळपासून कारकून खुर्चीला टेकला नव्हता. टेबलावर सात चौकटी आखलेला मोठा कागद पसरला होता. सहा चौकटींत सहा माजी प्रतिनिधी ऐटीत बसले होते आणि चौथी चौकट रिकामी होती. कारकून टेबलाभोवती फेरी मारायचा, रिकाम्या चौकटीपाशी थांबायचा, मान हलवायचा आणि पुन्हा चालू लागायचा. दहा-बारा फेऱ्या झाल्या तरी चौथ्या प्रतिनिधींना काही दया आली नाही.

मतदारसंघ बरखास्त झाला होता. सीमा नव्याने आखताना वरच्या लोकांनी त्याचे तीन तुकडे केले आणि ते तीन शेजारी मतदारसंघांना वाटून टाकले. मागे उरलं ते कार्यालय, म्हणजे दोन खोल्या, एक सभागृह, एक साहेब आणि एक कारकून. महिनाअखेरीस त्यालाही कुलूप लागणार होतं. साहेबांची बदली मुख्य कार्यालयात झाली होती. कारकुनाच्या नावापुढे मात्र 'अतिरिक्त' एवढाच शेरा होता. वीस वर्षं एका जागी खुर्ची झिजवल्यावर माणूस अतिरिक्त कसा होतो, हे त्याला कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

"निरोपाची पुस्तिका झकास काढ," साहेब म्हणाले होते. "मतदारसंघाचा इतिहास, सातही प्रतिनिधी, फोटोसकट. वरच्यांना आवडली तर तुला माझ्याबरोबर नेण्याचं बघतो."

या 'बघतो'वर कारकुनाचा सगळा संसार तरंगत होता.

इतिहास लिहिताना त्याला मजा आली होती, हे कबूल केलं पाहिजे. पहिले प्रतिनिधी पाच वर्षांत एकदाच बोलले, तेही खिडकी लावून घ्या म्हणून. दुसरे तीनदा निवडून आले आणि तीनही वेळा त्यांनी तेच भाषण केलं. शेवटी शेवटी ते अडखळले की समोरचे मतदार पुढचं वाक्य सांगायचे. तिसऱ्यांनी प्रचंड मतांनी निवडून येऊन आठवडाभरात राजीनामा दिला, कारण काय तर तिथल्या खुर्च्यांनी पाठ धरली. पाचवे, सहाव्या आणि सातवे म्हणजे वडील, मुलगी आणि जावई, त्यामुळे प्रतिनिधी बदलले तरी पत्ता बदलावा लागला नाही. चौथ्यांच्या फाइलमध्ये मात्र एकच पान होतं. पोटनिवडणुकीत विजयी, दीड वर्ष कारकीर्द, आणि फोटोच्या जागी वाळलेला डिंक. वाचनालयात पाहिलं, वर्तमानपत्राच्या जुन्या गठ्ठ्यांत पाहिलं. जिथे जिथे त्यांचा फोटो असायला हवा, तिथे तिथे कात्री लागली होती.

दुपारी छापखान्याचे मालक स्वतः कागद न्यायला आले. "चौथा कुठंय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"शोधतोय हो. उद्यापर्यंत थांबा ना."

"आज कागद मिळाला नाही तर उद्या माझं यंत्र दुसऱ्याच्या कामाला लागणार. आणि रिकामी चौकट मी पुढे पाठवत नाही, माझी पद्धतच नाही. जागा धरायला कुणाचंही तोंड द्या. खरा मिळाला की बदलू."

कारकुनाच्या खिशात सासऱ्यांच्या फोटोंचं पाकीट होतं. निवृत्तांच्या ओळखपत्राचा अर्ज भरून, फोटो लावून तो द्यायचा म्हणून बायको तीन दिवस मागे लागली होती. सासरे वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं दुकानदारांच्या काट्यांकडे संशयाने बघून बघून त्यांची नजरच तशी झाली होती. घरात पावाची लादी आणली तरी ती हातावर तोलून ते "दोन तोळे कमी आहे," म्हणायचे, आणि ती तेवढी कमी भरायचीही. फोटोतही ते फोटो काढणाऱ्यावरच खटला भरणार असल्यासारखे बघत होते.

"हे चालतील?" कारकुनाने फोटो पुढे केला.

"जागा धरायला कुणीही चालतं," मालक म्हणाले आणि त्यांनी फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने 'तात्पुरता' असं ठळक लिहिलं. फोटोची पाठ छापली जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्या वेळी आठवलं एकालाही नाही.

दुसऱ्या दिवशी कारकून पोचायच्या आत छपाईचा नमुना साहेबांच्या टेबलावर आला होता. साहेब एका हातात तो धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर बोलत होते. "हो हो, सातही मिळाले! चौथा कुणालाच सापडत नव्हता ना? आमच्या कारकुनाने शोधून काढला. असा माणूस मी मागे कसा ठेवू? बरोबरच आणतो." फोन ठेवून ते कारकुनाकडे वळले. "अरे, काय तेज आहे चेहऱ्यावर! मी लहानपणी पाहिलंय यांना. अगदी हेच डोळे."

कारकुनाचं तोंड उघडलं होतं. 'बरोबरच आणतो' ऐकून ते मिटलं.

"साहेब, तो फोटो जरा..."

"लहान आहे, माझ्याही मनात तेच आलं. पुस्तिका जाऊ दे छापायला. हाच फोटो दरवाजाएवढा मोठा करून सभागृहात लाव. आणि शनिवारच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीवरही हाच. बाकीच्या सहांची तोंडं बघून लोक कंटाळलेत."

आता सांगू, जेवणानंतर सांगू, चहानंतर सांगू, असं करत कारकून दिवसभर साहेबांच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. संध्याकाळी छापखान्यात धावला तेव्हा पाचशे पुस्तिका शिवून तयार होत्या आणि चौकाचौकांत सासरे भिंतींवर चढले होते.

त्यानंतरचे चार दिवस त्याने कसे काढले, त्याचं त्यालाच ठाऊक. घरी सासऱ्यांनी छत्री उचलली की हा दारात आडवा.

"बाबा, बाहेर नका जाऊ. ऊन आहे."

"ढग आलेत."

"म्हणजे पाऊस येईल."

"जावईबापू, मी मिठाचा नाही," म्हणून सासरे बाहेर पडले ते तीन तासांनी उगवले. एरवी त्यांना केस कापून यायला पाऊण तास लागायचा. आल्या आल्या त्यांनी छत्री कोपऱ्यात आदळली.

"या शहराला वेड लागलंय! न्हाव्याने मला रांगेतून उचलून खुर्चीत बसवलं आणि मानेला वस्तरा लावून विचारतो, 'आमच्या गल्लीतला दिवा कधी?' शिवणकाम करणारी एक बाई रस्त्यात आडवी आली. 'नदीवर पूल बांधतो म्हणालात, माझी मुलगी पलीकडे दिलीय, सहा मैल वळसा पडतो, तिचं बाळंतपण चुकलं माझं.' डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या. मी म्हटलं, बाई, मी तो नव्हे. तर म्हणते, 'तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात.'"

"मग तुम्ही काय केलंत?" बायकोने विचारलं.

"काय करणार? वही काढली आणि लिहून घेतलं. तारीख, तक्रार, सही. माणूस रडून सांगतोय आणि आपण नुसतं ऐकायचं, ही कुठली रीत? मग बाकीचे जमले. अकरा झाल्या." सासऱ्यांनी जावयाकडे काट्यावरची नजर लावली. "जावईबापू, तुमचा घाम काय म्हणतोय?"

घाम काय म्हणायचा ते म्हणून चुकला होता. कारकुनाने सगळं सांगून टाकलं. बायको म्हणाली, "म्हणजे अजून अर्ज दिलाच नाहीत ना?"

सासरे मात्र उठून उभे राहिले. "तीस वर्षांत मी एक खोटं वजन सोडलं नाही. शनिवारी मी येणार आणि सगळ्यांसमोर सांगणार."

"बाबा, माझी नोकरी जाईल हो."

"जाऊ दे. खोट्या मापाची नोकरी नको," सासरे म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज थोडा उतरला. कारकुनाला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. शुक्रवारी सकाळी त्याने मन घट्ट केलं, साहेबांच्या दारावर टकटक केली आणि एका दमात बोलला, "साहेब, तो फोटो माझ्या सासऱ्यांचा आहे."

साहेबांनी पुस्तिका उघडून चौथा फोटो पुन्हा पाहिला. "पण मी लहानपणी पाहिलंय त्यांना."

"शक्य नाही, साहेब. ते इथे मागच्या वर्षी राहायला आले."

"हे बघ," साहेबांनी आवाज खाली आणला, "लहानपणी पाहिल्याची हकीकत मी वर तिघांना सांगितलीय. एकाला तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, असंही सांगितलंय. आता तू आणि मी एकाच होडीत. गप्प वल्हव."

शनिवारी सभागृह गच्च भरलं. पुलाच्या आशेने माणसं कुठे कुठे जातात! कारकून एकदा दारात, एकदा व्यासपीठामागे, एकदा पाण्याच्या पिंपापाशी असा भिरभिरत होता. साहेबांचं भाषण सुरू होऊन डोक्यावरच्या हातापर्यंत पोचलं, तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासरे उठले.

"एक मिनिट! मी या मतदारसंघाचा प्रतिनिधी नव्हतो!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आम्हालाही तेव्हा तसंच वाटायचं!" आणि सभागृह हास्याने हादरलं.

"मी थट्टा करत नाही! मी तुमच्यासाठी आजवर काहीही केलेलं नाही!"

यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. "इतकं खरं बोलणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय," न्हावी शेजाऱ्याला म्हणाला. सासऱ्यांनी हात वर केले, छत्री आपटली, मी वजनमापं तपासायचो म्हणून घसा खरवडला, तशा टाळ्या वाढतच गेल्या. शेवटी दमून ते खाली बसले आणि शिवणकाम करणारी बाई त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली. तिच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, अशी रांगच लागली. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला, सुस्कारा सोडला आणि वही उघडली.

पिंपापाशी उभ्या असलेल्या कारकुनाच्या कोपराला कुणीतरी हात लावला. झुबकेदार मिशांचा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक वाकलेला म्हातारा होता.

"तो मोठा फोटो कुणी लावला?"

"मी," कारकून म्हणाला. नाही म्हणायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"मी क्रमांक चार."

कारकून व्यासपीठाकडे वळला. "चुकलं माझं. आत्ता व्यासपीठावर जाऊन..."

"गप्प! खबरदार बदललात तर." म्हाताऱ्याने त्याचा हात घट्ट धरला. "पूल मंजूर करून आणतो म्हणालो होतो. नाही जमलं. तेव्हापासून मला कुणी सुखाने भाजी घेऊ दिली नाही. जिथे म्हणून माझा फोटो होता, तिथून मीच कापून नेला. मिशा वाढवल्या, घर बदललं, तरी कुणीतरी ओळखायचंच. हा आठवडा पहिला, बघा. बाकावर तासभर बसलो. कुणी विचारलं नाही." आणि मग तो पुढच्या रांगेकडे बघत राहिला. सासरे बाईचं ऐकता ऐकता लिहीत होते, मध्येच थांबून "सहा मैल की साडेसहा?" विचारत होते. "मी कधी लिहून घेतलं नाही हो," म्हातारा हळूच म्हणाला. "तोंडीच सांगायचो, होईल म्हणून."

कार्यक्रम संपला तरी रांग संपेना. सासरे भरलेली वही घेऊन कारकुनाच्या टेबलापाशी आले. "अठ्ठेचाळीस अर्ज. तारखेसकट, सहीसकट. पोच द्या."

"बाबा, कार्यालय बंद होतंय."

"आज उघडं आहे ना? शिक्का मारा."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेब मान हलवून नको नको म्हणत होते. कारकुनाने सासऱ्यांकडे पाहिलं आणि अठ्ठेचाळीसही अर्जांवर शिक्के मारले. साहेबांनी तोंड पाडून वर फोन लावला आणि बोलता बोलता ते खुर्चीत बसले. "अर्ज नोंदले गेले? मग कार्यालय कसं बंद करणार?" पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "सगळे निकाली निघेपर्यंत कारकून तिथेच राहू दे. आणि तुम्हीही."

पूल कधी होईल कुणास ठाऊक, पण तोवर अतिरिक्त म्हणायची कुणाची टाप नव्हती. कारकुनाने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो अर्ध्यावर असतानाच सासऱ्यांनी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून घेतली.

"सोमवारपासून मी रोज दहाला येईन. अर्ज कुठवर आला ते बघायला. दहा म्हणजे दहा, जावईबापू. पुढचा कोण आहे?"

रांगेत आता मिशीवाला म्हातारा एकटाच उरला होता. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"तक्रार?" सासऱ्यांनी लेखणी टेकवली.

"पुलाचीच. चौथ्या प्रतिनिधींनी शब्द दिला होता. पाळला नाही."

सासऱ्यांनी लेखणी थांबवून वर पाहिलं. "सकाळपासून हेच लिहितोय मी. काय माणूस होता हो तो?"

"वाईट नव्हता," म्हातारा म्हणाला. "पण तुमच्यासारखी वही नव्हती त्याच्याकडे."

"करा सही."

म्हाताऱ्याने पूर्ण नाव लिहून सही केली. सासऱ्यांनी शाई वाळते का ते पाहिलं आणि कागद जावयाकडे सरकवला. कारकुनाने नाव वाचलं आणि एकोणपन्नासावा शिक्का मारला.