लाल गाडी आणि सात गतिरोधक

सेक्रेटरींची लाल स्पोर्ट्‌स कार गल्लीच्या तोंडाशीच, पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून बसली, तेव्हा त्यांनी आधी आरशात बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग वर बघितलं. गॅलऱ्यांमध्ये झाडून सगळे होते.

गाडी अकरा वर्षांची, दोनच माणसांची आणि दिसायला देखणी होती. सेक्रेटरींनी आयुष्यात पहिल्यांदाच हौसेसाठी पैसे मोजले होते, आणि तेही डोळ्यांत तेल घालून. बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेलेली. मोजल्याशिवाय ते घरात खिळासुद्धा ठोकत नसत. ही गाडी त्यांनी तीन रविवार तपासली. टायरच्या खाचा, दारांच्या फटी, रंगाची जाडी, काहीही सोडलं नाही. शेवटी विकणारा वैतागून म्हणाला, "साहेब, गाडी घ्यायची आहे की तिचं शवविच्छेदन करायचं आहे?"

मोजायचं एकच राहून गेलं. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे, ते. ते चार इंच वर होतं, आणि गल्लीतले सातही गतिरोधक सहा इंच उंच होते.

हा सहाचा आकडा सेक्रेटरींना कुणी सांगायची गरज नव्हती, कारण तो त्यांचाच होता. सहा वर्षांपूर्वी एका स्कूटरवाल्याने त्यांच्या शर्टाची बाही घासत नेली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून ते इरेला पेटले. नऊ महिने भांडून त्यांनी सात गतिरोधक करून घेतले. दोन अर्ध्या इंचाने कमी भरले, तेव्हा फूटपट्टी घेऊन उभं राहून ते कंत्राटदाराकडून फोडून पुन्हा करवले. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांच्या गाडीचा सायलेन्सर तिसऱ्या गतिरोधकावर निखळला. उंची दोन इंच कमी करा, असा डॉक्टरांनी रीतसर अर्ज केला. त्यावर सेक्रेटरींनी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "गाडी रस्त्यासाठी असते, रस्ता गाडीसाठी नव्हे. अर्ज फेटाळला." शिवाय पुन्हा कुणी डोकं वर काढू नये म्हणून नियमही करून टाकला: उंचीला हात लावायचा तर तीन चतुर्थांश मतं हवीत.

त्या दिवशी आठ-दहा जणांनी उचलून गाडी आत आणली. दर गतिरोधकाला उचलायची आणि पलीकडे ठेवायची. उचलणाऱ्यांत डॉक्टर होते. ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच सेक्रेटरींना जास्त लागलं.

घरात बायकोने गाडी खिडकीतून पाहिली आणि ती खूश झाली. बिचारीला इंचांचं काही माहीत नव्हतं. एकतीस वर्षं ती टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसली होती, आणि एकतीस वर्षं तिने बसच्या दांडीला लोंबकळून ये-जा केली होती. या गाडीपायी स्वयंपाकघराचा नवा ओटा लांबणीवर पडला, तरी तिने कुरकुर केली नाही. फक्त एक अट घातली.

"माझ्या निवृत्तीच्या दिवशी न्यायला या. पाच वाजता, कचेरीच्या दारात."

"येणार म्हणजे येणारच. त्यात काय सांगायचं?"

तिने दुसऱ्याच दिवशी कचेरीत सगळ्यांना सांगून टाकलं. लाल आहे, हे मात्र तिने जरा आवाज खाली आणून सांगितलं.

निवृत्तीला वीस दिवस उरले होते. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. विषय एकच: गतिरोधकांच्या उंचीचा मानवतेच्या दृष्टीने फेरविचार. डॉक्टर इतिवृत्ताची जुनी वही घेऊनच आले होते.

"एक वाक्य वाचू का?"

"त्याची गरज नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"छान लिहिलंय हो. अक्षरही छान आहे."

त्यांनी वाचलं. लोक हसले, मग मतदान झालं. निम्म्याहून जास्त हात वर आले, डॉक्टरांचाही आला. पण तीन चतुर्थांशाला दोन कमी पडले. नियम सेक्रेटरींचा होता, तेव्हा ठराव फेटाळल्याची नोंदही त्यांनीच केली. अक्षर या वेळी तितकंसं चांगलं आलं नाही.

मग त्यांनी चार जाड फळ्या आणल्या. दोन गतिरोधकाच्या अलीकडे, दोन पलीकडे. चाकं फळ्यांवरून गेली की गाडीचं पोट बोटभर वर राहायचं. एका रविवारी बायकोला हाताशी घेऊन त्यांनी तालीम केली. ती फळ्या मांडायची, ते गाडी पुढे घ्यायचे, ती मागच्या फळ्या उचलून पुढे पळायची. सात गतिरोधकांना पंचवीस मिनिटं लागली.

"त्या दिवशी फळ्या कोण मांडणार?" तिने पदराने हात पुसत विचारलं. "मी तर कचेरीत असेन."

"मी मांडेन. साडेतीनलाच निघतो."

निघालेही. पण ती गाडी म्हणजे जमिनीवर अंथरलेलं आसन होतं. तिच्यातून उठायचं म्हणजे आधी एक पाय बाहेर, मग दाराला धरून उरलेला देह. प्रत्येक गतिरोधकानंतर उतरायचं, फळ्या गोळा करायच्या, पुढे मांडायच्या, पुन्हा आत शिरायचं. दोन गतिरोधक झाल्यावर त्यांनी घाम पुसला, चार झाल्यावर कंबर दाबली. घराकडून पाचवा ओलांडून उतरायला गेले आणि पाठीत अशी उसण भरली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक पाय बाहेर होता, तोही त्यांनी मोठ्या कष्टाने आत घेतला. फळ्या मागे पाचव्यावरच राहिल्या. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मागून डॉक्टरांची गाडी आली. गल्ली अरुंद होती, पुढे जायला जागा नव्हती. डॉक्टर उतरून खिडकीशी आले आणि बरेच खाली वाकले.

"फळ्या मांडू का पुढे?"

नुसतं "मांडा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. फार तर सहा मिनिटांचं काम होतं. पण सेक्रेटरींना ती वही दिसली, ते हसणारे लोक दिसले.

"नको. माझं मी बघतो."

"काही दुखतंय का?"

"काही नाही. जरा विचार करतोय."

"बरं," डॉक्टर म्हणाले. ते गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी पेपर उघडला. त्यांच्यामागे आणखी तीन गाड्या येऊन थांबल्या.

पाच वाजता फोन वाजला.

"निघालात ना?"

"कधीचाच."

"सगळे दारात थांबलेत हो. हार-गुच्छ सगळं झालं. साहेबसुद्धा थांबलेत."

"वाटेतच आहे," सेक्रेटरी म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून जास्त कडू लागलं.

साडेपाचला पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज हळू होता. "साहेब गेले. बाकीच्यांच्याही बसच्या वेळा झाल्यात. कुठपर्यंत आलात?"

"गर्दी आहे," सेक्रेटरींनी मागच्या आरशात बघत सांगितलं. तिने फोन ठेवला.

सव्वासहाला ती गल्लीच्या तोंडातून चालत आली. एका हातात गुच्छ, खांद्याला रोजची पिशवी. बसच्या गर्दीत गुच्छ एका बाजूने चेपला होता. सातवा गतिरोधक तिने ओलांडला, सहावा ओलांडला, आणि गाडीसमोर येऊन ती थांबली. नवऱ्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं. सगळं तिच्या ध्यानात आलं.

"पाठ?" तिने विचारलं.

"उसण भरली."

"इतक्या वेळात कुणी मदतीला आलं नाही?"

सेक्रेटरी स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसू लागले. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेपरची घडी केली, फळ्यांकडे बोट दाखवलं आणि सेक्रेटरींकडे बघत नकारार्थी मान हलवली. तेवढ्यावरून तिला उत्तर मिळालं, आणि तिचा चेहरा प्रथमच बदलला. उशीर तिने पोटात घातला असता.

तिने गुच्छ शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला, पदर खोचला आणि मागे जाऊन फळ्या उचलल्या. डॉक्टर धावले, तशी ती म्हणाली, "राहू द्या भाऊ, मला सवय आहे." सहाव्यावर तिने फळ्या मांडल्या. "घ्या पुढे." मग सातव्यावर मांडल्या. गॅलऱ्यांमध्ये पुन्हा सगळे होते, पण आज कुणी हसलं नाही. गुच्छ गाडीतून निघाला होता आणि जिचा सत्कार झाला ती फळ्या घेऊन पुढे चालत होती.

गाडी मोठ्या रस्त्याला लागून थांबली. सेक्रेटरींनी काच खाली केली.

"बस ना. कचेरीवरून एक चक्कर मारून येऊ."

"कचेरीला कुलूप लागलंय."

तिने खिडकीतून हात घालून गुच्छ काढून घेतला. चारही फळ्या एकावर एक रचून काखोटीला मारल्या.

"अगं, फळ्या कुठे नेतेस? मी आत कसा येऊ?"

"पायी या," ती म्हणाली. "दार उघडं ठेवते."

ती गल्लीत शिरली. सेक्रेटरींनी उतरण्यासाठी दाराला धरलं, जोर लावला आणि पुन्हा सीटवर टेकले. डॉक्टरांची गाडी सातव्या गतिरोधकावरून, सायलेन्सर सांभाळत हळूच, बाहेर आली आणि त्यांच्याशेजारी थांबली. डॉक्टरांनी काच खाली केली.

सेक्रेटरींनी समोर बघत विचारलं, "डॉक्टर, जरा हात देता का?"