छत्रीखालचे आलू

पावसाची सर आली की गल्लीतली माणसं छत्री उघडून घराकडे पळत. महादेवमामाजी छत्री उघडून वावराकडे पळत, आणि तीही माझी. बटाट्याच्या वरंब्यावर ती रोवायची आणि आपण शेजारी भिजत उभं राहायचं.

दर्यापूरकडची काळी जमीन, ऐन पावसाळा, आणि बटाटे! त्या वर्षांत कपाशीनं गावाचं कंबरडं मोडलं होतं. पारावर कुणी फारसं बोलत नसे. मामाजींच्या बटाट्यांचा विषय निघाला की तेवढं सगळे हसत.

मी अमरावतीहून लग्न होऊन आलेली, बी.एस्सी. झालेली, त्यांची शेजारीण. गावातल्या म्हाताऱ्यांना मामाजी म्हणायचं, एवढं शिकले होते. गप्प बसायचं शिकायचं होतं.

"मामाजी, या मातीत पाणी तुंबतं. बटाटा सडणारच."

"यंदा नाही सडत."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"मागच्या साली तुही छत्री फाटकी होती."

दोष छत्रीचा. एकदा माझं टेबलावरचं प्लास्टिकसुद्धा नेलं. मी भांडायला गेले तर म्हणाले, "तुह्या टेबलाले कुठी पाऊस लागून राहिला?"

या सगळ्याच्या मुळाशी होत्या आत्याबाई, म्हणजे त्यांची बायको. माहेर मेळघाटातल्या डोंगरावरचं. तिथं उतारावर पाणी थांबत नाही, पावसाळ्यातही बटाटे होतात. "तुमच्या मातीले एक आलू होत नाही," हा टोमणा त्या लग्नापासून मारत आलेल्या. आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, जेवण तुटलं होतं. काय खाशील म्हणून मामाजींनी विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्या वावरातला आलू."

पोळ्याच्या सुमारास मामाजींनी वरंबे उकरले. हाताला नुसता काळा, घाण वासाचा लगदा लागला. दोन वरंबे तेवढे उद्यावर ठेवून ते घरी गेले.

मग माझी हुशारी जागी झाली. बाजारातून चांगले टपोरे बटाटे आणले आणि त्या दोन वरंब्यांत पुरून आले. स्वतःवर इतकी खूश, की मातीचे हात घेऊन आरशात पाहिलं.

सकाळी मामाजी खणता खणता चिखलातच बसले. माझी छत्री उलटी करून तिच्यात बटाटे भरले आणि घरी नेले. चुलीत भाजून, मीठ लावून आत्याबाईंपुढे ठेवले. त्यांनी दोन खाल्ले. कितीतरी दिवसांनी! मामाजी पाराकडे सांगायला धावले; पाऊस होता, तरी छत्री विसरून.

आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं.

"दर्यापूरच्या बाजारातले ना?"

मी नखांतली माती पदराआड लपवली.

"त्याईले सांगजो नको," त्या म्हणाल्या. "अन् पुढच्या साली बारके आणजो. एवढाले त्याईच्या हातून होत नाहीत."