ठमाबाईचे बारा बल्ब

वीज ही प्रगतीची खूण आहे आणि ती नसणं हा दुसऱ्या कुणाचा तरी दोष आहे. या दोन तत्त्वांवर आमची वाडी कित्येक वर्षं भक्कम उभी आहे.

वाडी निमगाव सावाच्या अलीकडं, टोमॅटोच्या पट्ट्यात. दोन हजार पाचच्या हिवाळ्यापर्यंत आम्ही इतके पुढं गेलो, की पाणी तापवायला चुलीत लाकूड घालणं हे अडाणीपणाचं लक्षण ठरलं. बादलीत हीटर सोडायचा, आंघोळ करून शेतावर जायचं. मिक्सर आले, रंगीत टीव्ही आले, लग्नाच्या मांडवात कूलर आले (थंडीतल्या लग्नातसुद्धा, कारण ते दिसले पाहिजेत). जुनी राहिली ती फक्त ओढ्याकाठची डीपी, म्हणजे वाडीला वीज वाटून देणारा ट्रान्सफॉर्मर. ती बसवली तेव्हा वाडीत चाळीस बल्ब आणि दोन पंखे होते. एवढ्या म्हातारीकडून एवढं काम करून घेणं, याला आम्ही काटकसर म्हणतो.

त्यात लोडशेडिंग. लाईट पहाटे जायची आणि सकाळी सहाला यायची. आली हे कळावं कसं, यावर वाडीनं बिनखर्चाची पद्धत काढली होती: लाईट गेली तरी बटणं चालूच ठेवायची. हीटर बादलीत, बटण चालू, माणूस पांघरुणात. पाण्याला आवाज सुटला की समजायचं, आली. पद्धतीत एकच बारीक खोट होती. सहाच्या ठोक्याला अख्खी वाडी एकदम डीपीच्या मानगुटीवर बसायची आणि फ्यूज उडायचा.

फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली तार. लोड वाढला की आधी ती जळते आणि डीपी वाचते. मोठ्याच्या ऐवजी लहानानं मरावं अशी ही सोय असून ती आम्हाला तत्त्वतः मान्य होती. पण रोज उडतो तो फ्यूज कच्चा, असा निष्कर्ष वाडीतले जाणते हौशीराम यांनी काढला. (ते जाणते होते, कारण पक्कड त्यांच्याकडं होती.) वायरमनकडं अकरा गावं आणि सासऱ्याची मोटरसायकल असल्यामुळं त्यानं फ्यूजचं खातं त्यांच्याकडं तोंडी सोपवलं होतं. हौशीरामांनी एकेरी तार दुहेरी केली, मग चौपदरी. तरी उडायचा. शेवटी त्यांनी टोमॅटोच्या ताटीची तार आणली. लगडलेल्या वेलांची अख्खी ओळ पेलणारी ती तार. वाडीचा लोड तिला काय जड. त्यानंतर फ्यूज एकदाही उडाला नाही. विश्वासार्हतेत शंभर टक्के सुधारणा झाली, आणि दत्तजयंतीला हौशीरामांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला.

या सुधारणेला विरोध करणारी व्यक्ती एकच, ठमाबाई. ओढ्यापलीकडं राहणारी एकटी बाई. जमीन नाही. पत्र्याच्या शेडात गिरिराज कोंबडीची पिलं वाढवून विकायची, त्यावर चूल. पिसं फुटेपर्यंत पिलांना बल्बची ऊब लागते. शेडात बारा बल्ब होते, मीटरवरचे. लोडशेडिंगचे तास ती कोळशाच्या शेगडीवर निभवायची. एक खेप मेली की आळेफाट्याचा व्यापारी दुसरी उधार देत नाही, हे तिला माहीत होतं. जानेवारीत नवी खेप आली आणि ती हौशीरामांच्या ओट्यावर गेली.

"भावजी, लाईट गेली की बटणं बंद करा म्हनावं समद्यास्नी. आली की येकयेक लावा. आन् ती ताटीची तार काढा. पिलं कालच आलीत माझी."

"वयनी, बटणं बंद केली तर लाईट आली हे कळायचं कसं?"

"येक बल्ब ठेवा की चालू."

"बल्बावर पानी तापतं व्हय?"

ओट्यावरची माणसं हसली. शेजारची गोजरबाई म्हणाली, "हिच्या पिलांना ऊब, आन् आमी गार पान्यानं अंगुळ करायची. लई शानी हाय."

"माझ्या कोंबडीचा रस्सा वरपताना न्हाई गं वाटत शानी," ठमाबाई म्हणाली आणि निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला लाईट आली. फ्यूज उडाला नाही. डीपी जळाली. ओढ्याकाठी काळा धूर आणि तेलाचं थारोळं. हौशीरामांनी जातीनं पाहणी करून सांगितलं, "तारंला काय बी झालं न्हाई, राव."

जळालेली डीपी बदलून मिळायला दहा दिवस लागतात (ट्रॅक्टर आपला दिला तर आठ). ठमाबाईनं कोळसा जाळला. तो संपल्यावर शेणी जाळल्या, मग बाजेचे लाकडी गाते. गारठलेली पिलं एकमेकांच्या अंगावर चढतात. वरच्यांना ऊब मिळते, खालची गुदमरतात, म्हणून सगळीच वर चढायला बघतात. (याला कोंबडीची अक्कल म्हणतात.) चौथ्या दिवशी तिनं खेप घमेल्यांनी बाहेर काढली.

त्याच दिवशी डीपी का जळाली याची चौकशी मारुतीच्या पारावर शास्त्रशुद्ध रीतीनं झाली. हीटर घरात असतो, तो दिसत नाही. शेडातले बल्ब रस्त्यावरून दिसतात. जे दिसतं तेच मोजता येतं. बल्ब दोनदा मोजले, दोन्ही वेळा बारा भरले. एका बाईनं एवढा लोड ओढणं गैर असून नव्या डीपीवर तिला जोड देऊ नये, असं ठरलं.

ठमाबाई उभी राहिली. "माझं मीटर हाय. तुमचे तर तारंवर आकडे हायेत."

"इषय त्यो न्हाई, वयनी," हौशीराम समजुतीनं म्हणाले.

ठराव एकमतानं पास झाला. (तिचं मत धरलं नाही, कारण विषय तिचा होता.)

नवी डीपी आली, नारळ फुटला. ताटीची तार शाबूत होती, तीच बसवली. वायरमननं ठमाबाईची जोड तेवढी तोडून ठेवली, तात्पुरती. व्यापारी परत आला नाही. ती आता गोजरबाईच्या टोमॅटोत रोजानं जाते, ताट्या बांधते. तार ओढायला हात चांगला आहे म्हणतात.

तुम्हाला तिची कीव आली असेल. वाडीचा रागही आला असेल. शेडात बल्ब किती होते, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. वाडीत हीटर किती होते, हे मी कुठंच लिहिलेलं नाही, आणि तुम्हीही ते विचारलं नाहीत.

पुढच्या सभेला या. पारावर तुमची जागा धरून ठेवली आहे.