थोरल्या-धाकट्या पाण्याची वाटणी

आमच्या शिरोबंदरच्या पावसाच्या पाण्याने आणि सांडपाण्याने वेगळं व्हायला साफ नकार दिला, म्हणून नगरपंचायतीला त्यांची वाटणी करावी लागली.

दोघं पिढ्यान्‌पिढ्या एकाच गटारात राहत होते. गटार मूळचं पावसाचं, चिऱ्याने बांधलेलं. पुढे घरोघरी संडास-मोऱ्या झाल्या आणि सांडपाणीही त्यातच येऊन राहिलं. म्हणून पावसाला गाव थोरला म्हणायचं आणि सांडपाण्याला धाकटा. थोरला मुंबईकर चाकरमान्यासारखा. पावसाळ्यापुरता यायचा, पण आला की घर लहान पडायचं. मग दोघं गळ्यात गळा घालून वर यायचे, ते थेट माझ्या स्वयंपाकघरात. गावातली सगळ्यात सखल जागा माझ्याच वाट्याला आलेली, दुसरं काय.

मी हेमलता मयेकर. नवरा गेल्यापासून खाणावळीवर माझं पोट आहे. पाटावर उभी राहून मी सोलकढी केली आहे, खालून काय वाहतंय त्याकडे न बघता. एका भाद्रपदात तपासणीच्या बाई आल्या नि म्हणाल्या, पुन्हा घाण पाणी चुलीपाशी दिसलं तर खाणावळीला कुलूप. तेव्हापासून मी नगरपंचायतीच्या पायऱ्या झिजवायला लागले.

इंजिनियर चौगुलेसाहेब घाटावरचे. दोन पाइप टाकले की काम झालं, असं त्यांना वाटलं. टाकले. पावसाचा निळा, सांडपाण्याचा काळा. थोरला निळ्यात शिरलाच नाही. साहेबांनी झाकण उघडून त्याला समजावलं की निळा पाइप सरळ समुद्राला जातो, काळा शुद्धीकरणाला, यात दोघांचंही भलं आहे.

थोरला म्हणाला, "घर माझं, आणि मलाच बाहेरच्या वाटेने जा म्हणता?"

धाकटा नुसते बुडबुडे काढत राहिला. साहेबांनी रस्ता पुन्हा खणला. सरळ पाइप वाकडा केला, वाकडा होता तो सरळ केला. गावातली माणसं खड्डे चुकवत मासळीबाजारात जाऊ लागली नि माझ्या स्वयंपाकघरात आपलं तेच, घोट्याएवढं. माझं डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी मीच दाजी खवणेकरांना घेऊन आले. गावात वाटणी म्हटली की दाजी. त्यांनी एका आंब्याच्या फांद्या चार भावांत वाटून दिल्यात आणि ते भाऊ अजून एकमेकांच्या लग्नाला जातात. दाजींनी गटाराच्या कडेला खुर्ची मांडली, नारळ ठेवला आणि सगळ्यात आधी साहेबांना गप्प केलं.

"वाटणी पायपान होणा नाय," दाजी म्हणाले. "दोघांचो होकार व्हयो."

मग सुरू झालं. थोरल्याचं म्हणणं, गटार वडिलार्जित आहे, मी थोडे दिवस येतो म्हणून माझा हिस्सा थोडा होत नाही. धाकट्याचं म्हणणं, वर्षभर घर सांभाळायचं मी, तुंबलं की शिव्या खायच्या मी, हे येणार, आदळआपट करणार नि मागे गाळ ठेवून जाणार. साहेबांनी मध्येच उताराचं काहीतरी काढलं, तर दोघं मिळून त्यांच्यावरच उसळले. माझी गिऱ्हाइकं जेवणासाठी खोळंबलेली आणि मी कपाळाला हात लावून गटारावर बसलेली. दाजींनी धाकट्याला विचारलं, एवढं भांडतोस तर वेगळा का होत नाहीस?

धाकटा म्हणाला, "दादा इलो की माका वर उजेडात येवक गावता."

वर्षातून तेवढाच उजेड त्याच्या वाट्याला, हे ऐकून मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला कुलूप डोळ्यांसमोर दिसत होतं. मी म्हटलं, दाजी, फोडा नारळ. लांब राहून गोडी राहते, असं दाजींनी दोघांना समजावलं. हो-ना करता करता दोघं तयार झाले. थोरला निळ्यात गेला, धाकटा काळ्यात, आणि मी फिनेल घेऊन घरात धावले.

तिथेच चुकलं. आमच्याकडे निघणाऱ्याला घरातल्या बाईने "येवा", म्हणजे पुन्हा या, असं म्हणायचं असतं. ते राहिलं. आमच्याकडे न बोलता पाठ फिरवली, म्हणजे नातं तुटलं.

दुसऱ्या वर्षी थोरला आला नाही. खाडीपलीकडे पडला, शेजारच्या गावात पडला, आमच्या वेशीवरच्या घराची पलीकडची कौलं भिजली, अलीकडची कोरडी. माझं स्वयंपाकघर खडखडीत. तपासणीच्या बाई पोटभर जेवून शाबासकी देऊन गेल्या. आणि विहिरीत समुद्र शिरला. आमटीत मीठ घालायचं मी बंद केलं, तरी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून उठायची. प्यायला पाणी नाही तिथे धाकट्याला तरी कुठून मिळणार? तो काळ्या पाइपात अडकून पडला आणि अख्ख्या गावाने नाकाला पदर लावला.

चौगुलेसाहेब छत्री घेऊन वेशीवर विनंती करायला गेले. थोरल्याने पलीकडूनच सांगितलं, वाटणी झालेल्या घरात बोलावल्याशिवाय जायची रीत नाही. दाजी म्हणाले, बोलावणं हेमलतानेच करायचं, दोघं बसायचे ते तिच्याच घरात, तिथेच त्यांना पुन्हा भेटवायचं. मी दाजींना, साहेबांना, नगरपंचायतीला, गावाच्या उताराला नको नको ते बोलले. बोलून काय होणार होतं? थोरला आला तर खाणावळ जाते, नाही आला तर पाणी जातं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहीरही खारट.

चूल पडवीत नेली. तांदळाची पोती माळ्यावर चढवली. माझ्या मोरीखालून दोन्ही पाइप शेजारी शेजारी जात होते. तिथे फोडा म्हटलं. साहेबांनी नियम सांगायला तोंड उघडलं. मी त्यांच्या हातात घण दिला. फोडून झालं तशी मी मोरीत वाकले.

"भावजी, येवा," मी म्हटलं. "घर तुमचाच आसा. धाकटो वाट बघता."

संध्याकाळपर्यंत कौलं वाजायला लागली. दोघं मोरीतून वर आले ते घोट्यापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंत आले आणि एकमेकांना सोडायला तयार होईनात. विहीर गोडी झाली. गाव माझ्याच आवारात घागरी घेऊन उभं राहिलं, नि त्या गर्दीतून वाट काढत तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी आत डोकावून बघितलं. मी सांगितलं, पाहुणे आहेत. त्या म्हणाल्या, ते दिसतंय, पण माझाही नाइलाज आहे. कुलूप लावून, मोहोर करून, गोड्या पाण्याचा एक तांब्या पिऊन त्या गेल्या.

मी पायरीवर बसले. रडू येत होतं नि त्याहून जास्त राग येत होता. एवढ्यात बंद दाराआडून धाकट्याने हाक मारली.

"वैनी, दादाक च्या व्हयी."

मी उठले आणि पडवीत चहाचं आधण ठेवलं.