पाऱ्याच्या ट्यूबांचा छडा

"आपण ज्यांच्याशी बोलताय ते साईनाथ कराळे. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतले एकमेव डिटेक्टिव्ह. नजर ससाण्याची, कान हरणाचे, नाक..." इथे मामांना जनावर आठवेना. "नाकही उत्तम आहे. बोला."

समोरच्या टेबलाशी बसलेल्या रुचितानं कपाळावर हात मारला. मामा हे तिचे सख्खे मामा. भिसेगावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर जो पोटमाळा होता, तेच त्यांचं ऑफिस. बी.कॉम. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून रुचिता तिथे सहायक झाली होती. नोकरी लागायचं नाव घेत नव्हती आणि मामा सोडायचं. ऑफिसच्या वेळेत आपल्याला 'सर' म्हणायचं, असं त्यांनी बजावलं होतं. पण ज्याचं नाक लहानपणी आपण ओढलेलं असतं त्याला सर म्हणणं जड जातं. आजवर मामांनी एकच चोरी उघडकीस आणली होती. त्यांची स्वतःची स्कूटर. ती त्यांनी जिथे लावली होती तिथेच सापडली.

फोन खालापूरकडच्या एका कंपनीतून होता. तिथले मॅनेजर कमलेश म्हणाले, "आमच्या ट्यूबलाइटी चोरीला गेल्यात."

"अंधारात किती जण आहेत?" मामांनी विचारलं.

"अंधार नाही हो, जुन्या ट्यूबा. तुम्ही या."

मामा आणि रुचिता स्कूटरवरून पोचले तेव्हा साहेबांचा पारा चढलेला होता. खरा पारा मात्र गायब होता, आणि तीच तर अडचण होती. ऑफिसचं कामकाज पाहणाऱ्या संजनाताईंनी सगळं नीट सांगितलं. कंपनीनं सगळीकडे एलईडी बसवल्या. जुन्या ट्यूबा पट्टीसकट काढून खोक्यांत भरून ठेवल्या. शेजारी प्रिंटरची रिकामी कार्ट्रिजं, यूपीएसच्या मेलेल्या बॅटऱ्या आणि घड्याळांचे सेल. हे सगळं नेणारा परवानाधारक कारखान्याचा टेंपो उद्या सकाळी येणार. बाकीचं सगळं जागेवर आहे, ट्यूबांचीच खोकी नाहीत.

"मग जाऊ दे की ताई," मामा म्हणाले. "टाकायच्याच होत्या ना? चोरानं तुमचे कष्ट वाचवले."

"टाकायच्या नव्हत्या, द्यायच्या होत्या," संजनाताई म्हणाल्या. "ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली की त्याची वाफ श्वासातून आत जाते. ओढ्यात पडली तर पारा माशात, आणि माशातून आपल्या ताटात. कारखान्यात ती बंद यंत्रात फोडतात. पारा वेगळा, काच वेगळी. आणि इथे कुठे पोरांच्या हाती लागल्या तर? पोरांना ट्यूब दिसली की तलवारबाजीच आठवते."

मामा गंभीर झाले. रुचितासुद्धा झाली, पण तिचं कारण खरं होतं.

"चोर मला माहितीये," कमलेश म्हणाले. "नवशा, आमचा वॉचमन. खोकी गेली त्याच दिवसापासून तोही नाही. न सांगता गेलाय. मी पोलिसांत देणार होतो, पण संजना म्हणाली थांबा."

"नवशा तसा नाही, सर," संजनाताई म्हणाल्या.

"प्रत्येक गुन्हेगार पकडला जाईपर्यंत तसा नसतोच!" मामा म्हणाले आणि भर दुपारी मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी रिकाम्या कोपऱ्याची तपासणी सुरू केली.

पहिला तर्क ते बाहेर आले तेव्हाच तयार होता. ही आंतरराष्ट्रीय टोळी. थर्मामीटरचा काळाबाजार. रुचितानं सांगितलं, की हल्ली थर्मामीटर सेलवर चालतात. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरा तर्क काढला. कोणीतरी साधू पाऱ्याचं शिवलिंग बनवतोय. पुरावा? आवारात सापडलेलं बेलाचं पान. संजनाताईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिथे बेलाचं झाड होतं.

"म्हणजे साधू झाडावरून आला!"

तिसऱ्या तर्कापायी दोघं स्कूटरवरून दहिवलीला हिरू भंगारवाल्याकडे गेले. मामांनी त्याला रिकाम्या पिंपावर बसवून उलटतपासणी घेतली.

"ट्यूबा घेऊन मी काय आरती करू?" हिरू वैतागला. "फुकट दिल्या तरी नाय घेत मी. काच कापते, वर ते पांढरं पीठ उडतंय. जा बाबा, धंद्याची वेळ हाय."

"उत्तरं फार तयार होती," परतताना मामा पुटपुटले. "फार तयार."

कंपनीत परत आल्यावर मामांनी फळ्यावर संशयितांचे बाण काढायला घेतले. सगळे बाण शेवटी नवशाकडे वळत होते, कारण मामांना डावीकडे वळणारे बाण काढता येत नव्हते. कमलेशनी पोलिसांना लावायला फोन उचलला. रुचिताच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती. उद्या या माणसाची नोकरी जाणार, गावात चोर म्हणून नाव होणार, आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही.

"एक मिनिट," ती म्हणाली. "नवशाला कुणी फोन करून विचारलं का?"

कमलेशनी संजनाताईंकडे पाहिलं. "तुझ्याकडे नंबर असेल ना?"

"मला वाटलं, तुम्ही केला असेल. इतकं ठाम बोलत होता तुम्ही."

"चोराला फोन करून सावध करायचं नसतं," मामा म्हणाले, पण तोवर रुचितानं नंबर घेऊन लावलाही होता. पलीकडून आधी डीजेचा दणदणाट आला, मग नवशाचा आवाज.

"कोन? ऑफिसातून? बोला ताई!"

"नवशा, ऑफिसच्या जुन्या ट्यूबा तुझ्याकडे आहेत का?"

"हायत ना! लावल्यात! लय झगमग झालंय ताई, तुमी समदी या. आज हळद हाय माजी!"

रुचितानं फोन खाली ठेवला. इतक्या वेळानं खोलीतल्या सगळ्यांची ट्यूब पेटली. मामांची थोडी फडफडली.

कमलेशच्या गाडीतून चौघं डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर पोचली तेव्हा नुकतं सांजावलं होतं. मांडवाच्या प्रत्येक बांबूला एकेक ट्यूब. जनरेटर धडधडत होता. आंब्याची पानं, पोरींच्या साड्या, म्हाताऱ्यांची तोंडं, सगळं दुधासारख्या उजेडात न्हालेलं. याला चोरी म्हणायचं कसं, असं रुचिताला वाटलं. पण त्याच उजेडाखाली पोरं अनवाणी नाचत होती आणि एक जण बांबूला धरून गदागदा हलवत होता. संजनाताईंचा चेहरा पांढरा पडला.

मामा मात्र काखेत छत्री मारून थेट मांडवाच्या मधोमध गेले. डीजेवाल्याला वाटलं, पाहुणे दोन शब्द बोलणार. त्यानं गाणं थांबवून माइक दिला.

"कुणीही हलायचं नाही!" मामा गरजले. "गुन्हेगार याच मांडवात आहे! ओळख लपवण्यासाठी त्यानं अंगाला पिवळा रंग फासला आहे!"

मांडवात पिवळा नाही असा माणूस नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी आवेशात छत्री उगारून पाटावरच्या नवशाकडे रोखली आणि छत्रीचं टोक वरच्या ट्यूबवर बसलं.

फटाक्यासारखा आवाज झाला. काच खाली आली, पांढरी भुकटी उडाली. पोरं त्या चकाकत्या तुकड्यांकडे धावली.

"मागं व्हा रं समदी!" रुचिताचा आवाज माइकशिवायही डोंगरापर्यंत गेला. तिनं पुढच्या पोराला बखोटीला धरून उचललं, दुसऱ्याला पायानं अडवलं. "हात नाय लावायचा! जनरेटर बंद करा!"

"झाडू आणू नका," संजनाताई ओरडल्या, "त्यानं उलट पसरतं! जेवणावर झाका! लांब उभे राहा, वारा येऊ दे!"

मोबाइलच्या उजेडात रुचितानं हाताला पिशव्या बांधल्या, पत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा केल्या, ओल्या कागदानं जमीन टिपली, भुकटी बसलेली माती खरवडली आणि सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. मामा छत्री मिटून कोपऱ्यात उभे होते, एरवीपेक्षा बरेच लहान दिसत.

"काय झालं ताई?" हळदीनं माखलेला नवशा गोंधळून म्हणाला. "मी साहेबांना इचारूनच नेल्या."

"मला?" कमलेश उसळले. "कधी?"

"कॅबिनमदे आलो होतो. म्हनलं, साहेब, लगीन हाय, सुट्टी पायजे, नि जुन्या ट्यूबा मांडवाला नेऊ का? तुमी म्हनला, 'ने! सगळं घेऊन जा! चार दिवस तोंड दाखवू नकोस नि मला काही विचारू नकोस!' मला वाटलं, साहेब खूश हायत."

कमलेशचा हात आपोआप कानातल्या इयरफोनकडे गेला. "ते... मी बायकोशी बोलत होतो. ती माहेरी निघाली होती."

संजनाताईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला नाही.

"नवशा," कमलेश म्हणाले, "मी तुला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. चुकलंच माझं."

नवशानं हळदीचा हात त्यांच्या गालावर फिरवला. "आता जेवूनच जायचं."

ट्यूबा उतरवायलाच हव्या होत्या. नवशाच्या दोस्तांनी त्या अलगद काढल्या आणि भाताच्या पेंढ्यात गुंडाळल्या. पण मग मांडवात काळोखच राहिला. नवशाच्या आईचं तोंड उतरलं. तेव्हा कमलेश उठले, गाडी मांडवासमोर आणली आणि दोन्ही दिवे लावले. वाडीतल्या मोटारसायकली रांगेत आल्या. हळद पुन्हा सुरू झाली, सावल्या डोंगराएवढ्या नाचल्या आणि साहेबांच्या गाडीची बॅटरी पार उतरली. ते सकाळपर्यंत वाडीतच राहिले. बायकोनं व्हिडिओ कॉल केला तेव्हा पिवळ्या तोंडानं त्यांना बरंच समजवावं लागलं.

सकाळी वऱ्हाडाचा टेंपो आधी ऑफिसला गेला. बेंजोच्या तालावर पेंढ्यातल्या ट्यूबा उतरल्या, बरणी उतरली, मागोमाग वाडीतल्यांनी आपणहून आणलेले जळके सीएफएल आणि रिमोटचे सेल उतरले. कारखान्याच्या ड्रायव्हरनं आयुष्यात पहिल्यांदा कचऱ्याबरोबर पेढा खाल्ला.

लग्न भर दुपारी लागलं. ट्यूबांचा छडा आपणच लावला, छत्रीनं नेमकी ट्यूब दाखवून दिली, असं मामा पंगतीत चौथ्यांदा सांगत असतानाच गलका झाला. नवरदेवाचे बूट गायब!

मामा अर्ध्या जिलबीवरून उठले. "कुणीही मांडवाबाहेर जायचं नाही! रुचिता, हे आतल्याच माणसाचं काम आहे!"

"हो सर," रुचिता म्हणाली.

सिनेमे बघून नवरदेवाचे बूट पळवायला शिकलेल्या नवरीच्या बहिणींनी मघाशीच लपवायला दिलेले ते बूट तिनं पिशवीत नीट दाबले, आणि वाढप्याला हाक मारून आणखी थोडा भात मागितला.